मीटिंगमध्ये कुणी शपथ घातली नाही

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या पहिल्या मीटिंगला माझ्याकडून कुणी काही कबूल करून घेतलं नाही. मला तेच सगळ्यात मोठं वाटतं, कारण तोवर माझं दारू सोडणं सगळं शपथांवर चाललं होतं. आईच्या गळ्याची झाली, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून झाली, शेवटी पंढरपूरला जाऊन माळ घातली. माळेनं कितीतरी घरं सावरलीत, आमच्याच गल्लीत आहेत. माझी मात्र खुंटीला टांगली गेली. मग वाटायचं, देवालाच फसवलं, आता थांबायचं कुणासाठी? शपथ मोडल्यावर मी आधीपेक्षा जास्त प्यायचो.

सेलूत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. रब्बीत जळालेल्या मोटारींची रांग लागते. सकाळी तांब्याची तार स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचेत बसवायला घेतली की हात असे थरथरायचे, की तार खाचेच्या कडेला घासून तिच्यावरचा इनॅमलचा लेप निघायचा. तशी कॉइल आठवडाभरात परत जळते आणि शेतकऱ्याचं पाणी तुटतं. म्हणून हात स्थिर करायला सकाळी सकाळीच दारूची नाइन्टी लागायची.

मेव्हण्यानं ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवायची’ पुडी आणली होती. बायकोनं ती भाजीत टाकली नाही, तिचे उपकार. परभणीच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की दारू सोडवायला देतात ते डायसल्फिराम हे औषध पोटात असताना माणूस प्याला तर उलट्या, धडधड होते, बीपी घसरतं, जिवावरही बेततं. ते त्याला सांगूनच आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचं असतं. पुडीत काय असतं ते तर कुणालाच ठाऊक नसतं.

त्यांनी आणखी एक बजावलं, ते प्रत्येक घरानं ऐकावं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका दिवसात घरच्या घरी बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीव जाऊ शकतो. मला भरती करून घेतलं, गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या, थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं दिली. हात थांबले. डोक्यातली दारू मात्र जागच्या जागी होती.

तिथंच एक अनोळखी गृहस्थ खाटेशी येऊन बसले. त्यांनी उपदेश केला नाही, स्वतःचीच गोष्ट सांगितली आणि कागदावर नंबर लिहून दिला. तो अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा होता, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली ही संघटना, सगळे ‘ए.ए.’ म्हणतात. तेव्हा आमच्याकडं मीटिंग नव्हती, म्हणून रविवारी रेल्वेनं परतूर, जालना करत छत्रपती संभाजीनगर गाठायचं. ते गृहस्थ स्टेशनवर घ्यायला आले. मी म्हटलं, काका, कशाला त्रास घेतला? तर म्हणाले, तुमच्यामुळं माझाही आजचा दिवस कोरडा जाईल. मग चालता चालता त्यांनी १९३५ सालची हकिकत सांगितली. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात शेअर बाजारातले बिल आणि सर्जन असलेले डॉ. बॉब भेटले. एका पिणाऱ्यानं दुसऱ्याशी बोलून स्वतःला सावरलं, त्यातूनच हे सगळं उभं राहिलं.

शाळेचा वर्ग होता, बाकं लहान. ड्रायव्हर, निवृत्त गुरुजी, ऊसतोडीचा मुकादम, एक मुस्लिम चाचा असे सगळे बसले होते. आडनाव कुणी विचारत नाही. एकानं शेअरिंग करायचं, म्हणजे आपली गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये सल्ला नाही, शेवटी न्यायनिवाडा नाही. फी नाही. शेवटी डबा फिरतो, जमेल ते टाका, आणि बाहेरच्याची देणगी घेतच नाहीत. देवाचं नाव निघालं तेव्हा मी बिचकलो, पण ‘आपापल्या समजुतीप्रमाणे’ असं तिथं स्पष्ट म्हणतात. चाचा आपल्या परीनं हात जोडतात, मी माझ्या. माझी पाळी आली तेव्हा नाव सांगून गप्प बसलो. तेवढंही चाललं. ‘पुन्हा पिणार नाही’ हे म्हणायला कुणी लावलं नाही, फक्त आज प्यायची नाही, एवढंच. रात्री झोपेपर्यंतचं वचन मला पेललं.

खरी परीक्षा झाली पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. शेताशेतांत मटण शिजतं आणि बाटल्या उघडतात. मळ्यातून बोलावणं आलं आणि मी अंगात शर्ट घातलासुद्धा. मग काकांना फोन लावला. त्यांनी “जाऊ नका” असं म्हटलंच नाही. आधी जेवलात का विचारलं, आणि मी जेवेपर्यंत फोन चालू ठेवला. उपाशीपोटी तलफ दुप्पट होते, हे मला तेव्हा कळलं.

बायको सुरुवातीला खुल्या मीटिंगला आली, कारण तिथं घरचे बसू शकतात. आता ती अल-अ‍ॅनॉनला जाते, तो घरच्या माणसांचा वेगळा गट आहे. माझ्या उधाऱ्या गुपचूप फेडणं तिनं तिथूनच बंद केलं. मला राग आला होता. आज वाटतं, ते तिनं फार पूर्वीच करायला हवं होतं.

दारू सोडायची म्हणून दोघं-तिघं एकत्र बसले तरी गट होतो. म्हणून आता आम्ही सेलूतच बसतो, मानवत आणि परतूरहून माणसं येतात. कुठं जावं ते कळत नसेल तर १४४४६ ही सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, जवळचं केंद्र सांगतात. आमच्याकडं यायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. मध्ये स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलात, तरी या. मागच्या बाकावर बसा, बोललं नाही तरी चालतं.