बिल फेडलं, पण पत्र मिळेना

अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्सचा, म्हणजे सरकारी गोपनीय माहिती हाताळायच्या परवानगीचा, एसएफ-८६ फॉर्म भरताना माझं घोडं अडलं ते २६व्या सेक्शनपाशी. गेल्या सात वर्षांत एखादं देणं कलेक्शन एजन्सीकडे, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या कंपनीकडे, गेलं होतं का? गेलं होतं. इन्शुरन्सने नाकारलेलं हॉस्पिटलचं बिल, तेही मी फेडून मोकळा झालेलो.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "क्रेडिट रिपोर्टवर दिसतच नाही ना, मग कशाला लिहितोस?" दिसत नव्हतं हे खरं. कलेक्शनला जाऊन फेडलेली हॉस्पिटलची बिलं २०२२पासून ह्या रिपोर्टवरून, म्हणजे आपल्या कर्ज-देण्यांच्या नोंदीतून, काढून टाकतात. पण रिपोर्टवर काय आहे, असं कुणी विचारलंच नव्हतं. मी 'हो' लिहिलं. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ज्या नियमांवर ठरतं, त्यांतल्या गाइडलाइन एफमध्ये, म्हणजे पैशाच्या व्यवहारांत, थकलेलं देणं येतं. आजारपण, गेलेली नोकरी, घटस्फोट अशी हाताबाहेरची कारणं आणि फेडण्याची खटपट दाखवली तर त्यातून सुटता येतं. मुद्दाम लपवलंत तर गाइडलाइन ई, म्हणजे वागणुकीची आणि खरेपणाची, लागते, शिवाय खोट्या माहितीसाठी पाच वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद आहेच.

क्लिअरन्सच्या चौकशीसाठी मुलाखत घ्यायला आलेल्या बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, फेडल्याचं पत्र तेवढं द्या. आणि इथून छळ सुरू झाला. माझं देणं पहिल्या एजन्सीने दुसरीला विकलेलं, त्यामुळे खातं क्रमांक बदललेला. फोन केला की आधी रेकॉर्ड केलेला आवाज, मग संगीत, मग "असं खातं सिस्टिममध्ये नाही." पैसे मागताना बरं सापडायचं! कुणी सांगे, बंद खाती दुसरा विभाग बघतो. दुसरा विभाग म्हणे, पत्र कधीच पाठवलंय. पाठवलं होतं, माझ्या जुन्या पत्त्यावर. शेवटी पोचपावतीच्या टपालाने लेखी मागणी केली आणि बँकेतून वटलेल्या चेकची प्रत काढून सोबत जोडली. मग पत्र आलं: बाकी शून्य. पण आडनावाच्या शेवटचा 'कर' गायब! पुन्हा फोन, पुन्हा तेच संगीत.

म्हणून पैसे भराल त्याच दिवशी पत्र मागा आणि नाव नीट वाचून घ्या. देणं अजून बाकी असेल तर फॉर्म भरण्याआधीच हप्ते बांधून घ्या, पावत्या ठेवा. रिपोर्टवरून जुनं देणं गळलं म्हणजे ते मिटलं, असं क्लिअरन्स देताना धरत नाहीत. न भरलेले टॅक्स रिटर्नही ह्याच सेक्शनमध्ये विचारतात.

क्लिअरन्स मिळाला. सबमिट करण्याआधी फॉर्मची प्रत मात्र सेव्ह करा. मुलाखतीत तारखा त्यातूनच विचारतात.