दहा फुटी शिडी

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि आधी आठवली ती शिपाईमामांची बांबूची शिडी. तिच्यामागोमाग आमचे भूमितीचे सर. स्मरणिकेत शाळेबद्दल लिहायचं असतं हे ठाऊक आहे, पण माझ्यापुरती शाळा म्हणजे सरच.

दहावीत त्रिकोणमिती नुकतीच सुरू झाली होती. दहा फुटी शिडी जमिनीशी 45 अंशांचा कोन करून भिंतीला टेकवली, तर तिचा पाय भिंतीपासून किती लांब राहील, असं सरांनी विचारलं. मी तडक उठून "पाच फूट" म्हणालो. आडवी शिडी दहा फूट, उभी केली की शून्य, मग निम्म्या कोनाला निम्मं! सर "चूक" म्हणाले नाहीत. "चल, शिडी आण," एवढंच म्हणाले.

कौलारू इमारतीच्या मागच्या भिंतीशी अख्खा वर्ग जमला. शिडीचा माथा जेवढा उंच, तेवढाच पाय लांब, अशी ती लावली. तेच 45 अंश. टेप मीच धरला. सात फूट एक इंच. पाय पाच फुटांवर आणला, तेव्हा कोन भरला 60. आणि 30 अंशांना 8 फूट 8 इंच! म्हणजे आडव्या शिडीला पहिले तीस अंश उचलताना पाय जेमतेम सोळा इंच सरकतो, आणि शेवटच्या तीस अंशांत पाच फूट. पायाचं अंतर भागिले शिडीची लांबी, म्हणजेच त्या कोनाची कोज्या (कोसाइन). ती त्या दिवशी मी हातांनी शिकलो.

वर्गात परतल्यावर सरांनी फळ्यावर धनुष्य काढलं. दोरी म्हणजे ज्या. इ.स. 476 मध्ये जन्मलेल्या आर्यभटानं अर्ध्या दोरीचं कोष्टक रचलं, दर 3 अंश 45 कलांना (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक अशा 24 किमतींचं. त्या अर्ध्या दोरीलाच पुढे ज्या म्हणू लागले. आणि कोटिकोनाची, म्हणजे 90 अंशांना उरलेल्या कोनाची, ज्या ती कोज्या. म्हणून 60 ची कोज्या तीच 30 ची ज्या. पाठ करायला काही उरलंच नाही.

आज मी साखर कारखान्याचा विद्युत विभाग सांभाळतो. प्रवाहाचा किती भाग कामी येतो हे सांगणारा आमचा पॉवर फॅक्टर म्हणजे विजेचा दाब (व्होल्टेज) आणि प्रवाह यांच्यातल्या कोनाची कोज्याच. प्रवाह 60 अंश मागे पडला, तर तेवढ्याच कामाला दुप्पट प्रवाह लागतो आणि केबल तापवण्यात चौपट वीज जाते. मागे पडलेला प्रवाह सावरणारे कपॅसिटर लावून आम्ही तो कोन आवळतो. आठ अंश उरला तरी 0.99 मिळतो. नव्या पोरांना हे पटेना, की मी शिडी मागवतो.

ती भिंत आता नाही. नव्या इमारतीचे वर्ग प्रशस्त आहेत, तरी मागून जाताना माझे पाय तिथे थबकतात.

निमंत्रण दाखवायला परवा सरांकडे गेलो. काठी टेकत बाहेर आले, मला ओळखलं आणि बसायच्या आधीच विचारलं, "75 अंशांना किती रे?"

"दोन फूट सात इंच, सर."