गुरगुट्या भात

चांदी व्यायल्याची बातमी मला वॉचमनमामांनी दिली. "ताई, पाच झाली. मीटरच्या खोलीमागं." सांगताना त्यांचा चेहरा असा होता की पेढे तेवढे वाटायचे राहिले होते.

चांदी म्हणजे कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीची अर्धी राखणदार. उरलेली अर्धी राखण मामा करतात. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी, आणि नावही त्यांनीच ठेवलेलं. भाद्रपदात गल्लीत जो दंगा चालला होता तो सगळ्यांनी कानात बोटं घालून ऐकला होता. त्यावर 63 दिवस मोजले की कार्तिक संपत येतो, त्यामुळे पंचांग न उघडताही तारीख कळत होती. माझ्या माहेरी, वाईला, कुत्री व्यायली की आम्ही पोरं घरोघर फिरून रवा-गूळ मागून आणायचो आणि कुणाची तरी आजी तिला शिरा करून घालायची. कुत्री झाली तरी बाळंतीणच! मीही शिरा केला. कुत्रीला तो चालतो का, हे कुणाला विचारलं नाही. चांदीने ताटली इतकी लख्ख केली की घासायची गरज नव्हती, तरी घासली.

पहिले तीन आठवडे बघण्यासारखं काही नसतं. पिल्लं आंधळी, बहिरी, आणि सदोदित आईला चिकटलेली. बाराव्या-तेराव्या दिवशी डोळे किलकिले झाले, त्यानंतर काही दिवसांनी कान उघडले. शी-शूसुद्धा आई चाटून करवते. चांदी आडवी पडायची, पाचही जणं रांगेने लागायची, आणि मीटरच्या खोलीमागून बारीक चुकचुक ऐकू यायची. येता-जाता सगळे वाकून बघायचे आणि "आई ती आईच" असं काहीतरी म्हणून लिफ्टमध्ये शिरायचे.

मग एके दिवशी चांदी पिता पिता उठली.

नुसती उठली. दोन पिल्लं तोंडातलं सुटून पोत्यावर पडली, एक लोंबकळतच चार पावलं गेलं आणि मग पडलं. चांदीने मागे वळून बघितलंसुद्धा नाही. भिंतीपाशी जाऊन बसली आणि रस्त्याकडे बघत राहिली. पिल्लं कुंई कुंई करत तिच्यापर्यंत पोचली, तर तिने दात दाखवले. घशातून खोल गुरगुर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तेव्हा भाजी घेऊन येत होत्या. म्हणाल्या, "बघा, पोटच्या लेकरांवर गुरगुरतेय! अशी कशी आई?"

काकूंना पिल्लांचे दात दिसले नव्हते. मला दिसले, कारण मी एकाला उचललं आणि त्याने माझा अंगठा तोंडात घेतला. तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात यायला लागतात. सगळे आले की 28 भरतात, आणि प्रत्येक दात म्हणजे शिवणाची सुई. त्यात दूध उतरावं म्हणून पिल्लं पुढच्या पायांनी सड तिंबत असतात, आणि त्या पायांना नखं. चांदीच्या पोटावर लाल ओरखड्यांची जाळी झाली होती. अशा पाच जणांना दिवसातून पंधरा वेळा पाजायचं म्हटल्यावर काकूसुद्धा गुरगुरल्या असत्या.

आता वरचं सुरू करायला हवं, असं मी ठरवलं. म्हणजे हे मी ठरवायचं असतं अशी माझी समजूत होती. ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती ही की गाईचं दूध नको. मला ते पटेना, दुधाला नको कसं म्हणायचं? तर कुत्रीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त, प्रथिनंही दुपटीच्या घरात, आणि दुधातली साखर मात्र कमी. गाईच्या दुधाने पोट तर नीट भरत नाहीच, वर ती साखर न पचून हगवण लागते. त्यापेक्षा मऊ, कोमट, पातळसर काहीतरी, उथळ ताटलीत, थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा. मीठ-मसाला नाही, कांदा तर अजिबात नाही. आणि जंताचं औषध विसरायचं नाही. दिवाणखान्यातल्या फोनवर मी हे सगळं वाण्याच्या यादीच्या मागे लिहून घेत होते. यजमान पेपरच्या आडून म्हणाले, "उष्टावणाला मामा कोण बसणार?"

विनोद बरा होता, पण माझ्या डोक्यात खरंच उष्टावणच होतं. आमच्या घरात अंड्यापुढे मजल नाही, त्यामुळे मांसाचा प्रश्न निकालात निघाला. जुन्या तांदळाचा गुरगुट्या भात केला, मुलाला करायचे तसाच, डावाने घोटून घोटून. त्यात उकडलेलं अंडं कुस्करलं. भात कुत्र्याला काय पचणार, असं एक जण म्हणालेच. पण हे लांडग्यांचं पोट राहिलेलं नाही. पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात आणि कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत, असं 2013 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलंय. माणसाच्या दारात हजारो वर्षं उष्टं खाऊन मिळवलेली कमाई आहे ती. माझा भात त्या कमाईत बसत होता.

करंगळीवर भात घेऊन कोमट आहे ना ते बघितलं, स्टीलची ताटली खाली नेली, पिल्लांसमोर ठेवली.

पहिलं पिल्लू ताटलीत चाललं. आरपार, या काठावरून त्या काठावर, आणि पलीकडे जाऊन स्वतःचे पाय बघत उभं राहिलं. दुसऱ्याने नाक खुपसलं, श्वास घेतला, शिंकलं. भात माझ्या चष्म्यावर. तिसरं आणि चौथं पहिल्याचे पाय चाटायला लागली, आणि मला वाटलं, चला, वळणाने का होईना पोटात जातंय. पाचवं, सगळ्यांत लहान, भुऱ्या कानाचं, ताटलीच्या मधोमध बसलं आणि ऊब लागल्यामुळे झोपलं.

मग चांदी आली. तिने भुऱ्याला नाकाने बाजूला ढकललं आणि सगळा भात खाल्ला. तीन मिनिटांत. पिल्लांच्या अंगाला लागलेलासुद्धा चाटून घेतला. माझा तीळपापड झाला. शिरा घातला, पोतं बदललं, औषध आणलं आणि ही बया लेकरांच्या तोंडचा घास खाते! क्षणभर मी काकूंच्या पक्षात गेले.

"ताई, तुम्ही तिला घाला," मामा खुर्चीतून न उठता म्हणाले. "पिल्लांचं ती बघंल."

तासाभराने काकूंची किंकाळी आली म्हणून मी धावत खाली गेले. चांदी मान खाली घालून उभी होती, पोट आत-बाहेर होत होतं. पिल्लं तिच्या तोंडाला तोंड लावून, जबड्याच्या कडा चाटत, शेपट्या हलवत उड्या मारत होती. आणि तिने माझा गुरगुट्या भात जमिनीवर ओकून टाकला. अंड्यासकट. पाचही जणं त्यावर तुटून पडली. चालणं नाही, शिंकणं नाही, झोपणं तर नाहीच. पाच मिनिटांत फरशी स्वच्छ.

काकू तोंडाला पदर लावून वर गेल्या. मी मात्र तिथेच बसून राहिले. घोटला होता मी, पण माझं घोटणं कमी पडलं होतं. तिच्या पोटात तो आणखी मऊ झाला, नेमका तिच्या अंगाइतका कोमट झाला, आणि मुख्य म्हणजे त्याला आईचा वास लागला. लांडगिणीही शिकार अशीच पोटातून वाहून आणतात. आपण घरी आलो की कुत्रं उडी मारून आपलं तोंड चाटायला बघतं, ते मूळचं हेच म्हणतात. त्याचा अर्थ प्रेम असा आपण लावून घेतलाय, आणि तो आहेच असेल, पण मूळ प्रश्न "काय आणलंस?" हा.

त्या दिवसापासून मी भात चांदीच्या नावाने शिजवायला लागले.

मराठीत या प्रकाराला आपण "दूध तोडणं" म्हणतो. अंगावरचं तोडलं का? कधी तोडलं? फार दुष्ट क्रियापद आहे. माझ्या आईने माझं तोडायला कडुनिंबाचा पाला वाटून लावला होता. मी अडीच वर्षांची होते. मी म्हणे तोंड वाकडं करत सगळा पाला चाटून काढला, आणि मग नेहमीसारखी प्यायले. मग कोरफडीचा गर झाला. शेवटी आई मला आजोळी ठेवून आठ दिवस निघून गेली, तेव्हा तुटलं. ही गोष्ट आमच्या घरी इतकी वर्षं सांगितली जाते आणि दर वेळी सगळे माझ्या चिवटपणावर हसतात. त्या आठ दिवसांत आईचं काय झालं असेल, छाती भरून आल्यावर तिने काय केलं असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारण्याची वेळ माझ्यावर आली तोवर ती नव्हती.

माझा मुलगा 1992 चा. बाळंतपणाची रजा तेव्हा कायद्याने 12 आठवडे, त्यातले दोन आधीच संपलेले. (ती 26 आठवडे झाली 2017 साली, तेव्हा चिरंजीव 25 वर्षांचे घोडे झाले होते.) दहा आठवड्यांच्या बाळाला सासूबाई बोंडल्याने दूध पाजायच्या आणि मी ऑफिसात. साडेअकरा ही त्याची वेळ. बरोबर साडेअकराला पान्हा दाटून यायचा. मी फायलीत मान घालून पदर सारखा करत राहायचे. शेजारच्या टेबलावरचे साहेब चांगले होते, ते खिडकीबाहेर बघायचे. सहा महिन्यांत त्याचं सुटलं आणि माझं आटलं. "लवकरच तोडलंत हो," असं मला किती जणींनी ऐकवलं त्याची मोजदाद नाही. आमच्या काकूही त्यात होत्या.

रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने 1974 मध्ये मांडलं की आई आणि पिल्लू यांच्यात भांडण असणारच, आणि दूध सुटण्याचा काळ हे त्याचं नमुनेदार उदाहरण. आईच्या लेखी सगळी पिल्लं सारखी, या वेतातली आणि पुढच्याही. पिल्लाच्या लेखी मात्र ते स्वतः पहिलं. म्हणून पिल्लाला अजून थोडं हवं असतं आणि आईला वाटतं, आता पुरे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि मानबी पॉल यांनी हे थेट रस्त्यावरच्या कुत्र्यांत तपासलं. पिल्लं वाढत जातात तशी आयांची खाण्यावरची सहनशीलता घटत जाते. आणि आईने हाकललेली पिल्लं दुसऱ्या व्यायलेल्या कुत्रीला गुपचूप जाऊन पितात, अशा दूधचोरीच्या नोंदीही त्यांनी केल्यात. हे वाचून मला फार बरं वाटलं. शेजारच्या इमारतीतली लंगडी कुत्री झोपली की आमचा भुऱ्या तिकडे का घुटमळतो, त्याचा उलगडा झाला.

त्याच गटाने 95 वेतांतली 364 पिल्लं मोजली होती. वयात येईपर्यंत जगली 19 टक्के, आणि मेलेल्यांतली निम्म्याहून जास्त माणसांमुळे. आमच्याकडचं एक पाचव्या आठवड्यात रिव्हर्स घेणाऱ्या गाडीखाली गेलं. गाडी कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे. चांदी दोन दिवस त्या जागेचा वास घेत होती.

आता आठवा आठवडा सरलाय. लसीचा पहिला डोस झाला. दोघी नांदायला गेल्या, एक वारज्याला, एक थेट सासवडला. उरलेला एक मामांच्या खुर्चीखाली असतो, आणि एक भुऱ्या.

काल संध्याकाळी भात घेऊन खाली गेले तर चांदी फाटकाशी उभी होती. पोटाला ओढ लागलेली, सड आक्रसलेले. भुऱ्या आता तिच्या गुडघ्याच्या वर पोचतो. तो मागून आला, मान वाकडी करून तिच्या खाली शिरला आणि लागला. ती गुरगुरली नाही. रस्त्यावरून जाणारी रिक्षा बघत राहिली, जशी काही तिला कल्पनाच नव्हती. मी ताटली हातात धरून तशीच थांबले. अर्धा मिनिट झाला असेल, नसेल. तिने एक पाऊल पुढे टाकलं, मग दुसरं, भुऱ्या ओठांनी ओढला जात चार पावलं गेला आणि सुटला. जीभ बाहेर काढून नाक चाटत इकडेतिकडे बघायला लागला.

मग त्याला ताटली दिसली. ती मी चांदीपुढे ठेवायला वाकले होते, तोवर हा आत, चारही पायांनी.

वर माझ्या कुकरच्या तीन शिट्या कधीच होऊन गेल्या होत्या.