मेगालोपोलिस: थिएटर बघायला गेले, खांबांच्या बुंध्यांत अडकले

ग्रीसमधलं त्रिपोली सोडल्यावर रस्ता डोंगरांतून खाली उतरतो आणि समोर एक रुंद खोरं उघडतं. त्यात सगळ्यांत आधी नजरेत भरतात ते वीजकेंद्राचे बोजड मनोरे.

"ताई, इतक्या लांब येऊन तू मला चंद्रपूर दाखवतेयस?" मावसभाऊ म्हणाला. गाडी तोच चालवत होता, त्यामुळे ऐकून घेणं भाग होतं.

चूक त्याची नव्हती. इथे जमिनीखाली लिग्नाइट आहे, त्यावरच वीज तयार होत आली. याच खाणीत मराथूसा नावाच्या जागी चार लाखांहून जास्त वर्षांपूर्वी माणसांनी सोलून खाल्लेल्या हत्तीची हाडं आणि दगडी हत्यारं मिळालीत. नाव ऐकून आम्ही दोघंही खुश झालो, पण मराठीशी त्याचा काही संबंध नाही. ग्रीकमध्ये मराथो म्हणजे बडीशेप.

मी आले होते थिएटरसाठी. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसानियास याला ग्रीसमधलं सर्वांत मोठं थिएटर म्हणतो. गावाबाहेर, हेलिसोन नदीच्या काठी, टेकडीच्या उतारात ते कोरलंय. खालच्या काही रांगा शाबूत आहेत, वरचा सगळा उतार गवताने आणि झाडांनी गिळलाय. एपिडॉरसच्या प्रसिद्ध थिएटरला जी गर्दी असते तिचा इथे मागमूस नाही. टाळी वाजवून आवाज घुमतो का ते बघितलं (हे सगळेच करतात), पाणी प्यायले आणि समोरच्या सपाटीवर उतरले. तिथे जमिनीतून दगडी खांबांचे बुंधे वर आलेले दिसत होते. दुपारचा सगळा वेळ मग तिथेच गेला.

हे थेर्सिलिओन. आर्केडिया म्हणजे दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनेसमधला हा डोंगराळ प्रदेश, त्यातल्या शहरांच्या संघाचं हे सभागृह. सुमारे ६६ बाय ५२ मीटर, म्हणजे त्या काळात छप्पर असलेली अवाढव्य इमारत. बुंध्यांच्या मधून चालताना आधी काही कळत नाही, पण एका ठरावीक जागी उभं राहिलं की सगळ्या रांगा एकदम सरळ होतात, सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या तिथून पसरलेल्या. बोलणाऱ्याची जागा ही. शक्य तितक्या लोकांना वक्ता दिसावा, मध्ये खांब येऊ नये, म्हणून केलेली ही मांडणी. इथे भरायची ती सभा 'दहा हजार' या नावानेच ओळखली जायची.

संघ का झाला, तर स्पार्टामुळे. शेजारी डोईजड होऊ नये म्हणून स्पार्टाची एक हातखंडा युक्ती होती, शहर मोडून त्याची पुन्हा खेडी करायची. इ.स.पू. ३८५ मध्ये आर्केडियातल्या मांटिनेया शहराचं त्यांनी नेमकं हेच केलं. पुढे ३७१ मध्ये लेफ्क्ट्राच्या लढाईत थीब्ज या ग्रीक शहराचा सेनापती एपामिनोंडास याने स्पार्टाचं कंबरडं मोडलं आणि आर्केडियातल्या लोकांनी त्या युक्तीला उलटं उत्तर दिलं. मांटिनेयाच्या लोकांनी आपलं शहर पुन्हा बांधलं, आणि संघाने जवळजवळ चाळीस गावांतली माणसं एकत्र आणून एक नवं कोरं शहर वसवायला घेतलं. नाव काय, तर मेगाले पोलिस, 'मोठं शहर'.

"आणि लोक आपापली गावं सोडून राजीखुशीने आले?" भावाने विचारलं. तोवर तोही एका बुंध्यावर बसकण मारून सँडविच उघडत होता.

नाही आले. ट्रापेझूसच्या लोकांनी सरळ नकार दिला. त्यांच्यातले काही मारले गेले, उरलेले काळ्या समुद्राकाठच्या त्याच नावाच्या शहरात निघून गेले. लिकोसूराच्या लोकांना तिथल्या देवीच्या स्थानामुळे सूट मिळाली. आलेल्यांपैकीही बरेच जण ३६१ मध्ये परत आपल्या खेड्यांकडे निघाले, तेव्हा थीब्जचा सेनापती पामेनेस तीन हजार सैनिक घेऊन आला आणि त्यांना हाकलत पुन्हा इथे आणून बसवलं. संघ म्हटलं की आपल्याला टेबलाभोवती बसून सह्या करणारी माणसं दिसतात. इथे गाठोडी डोक्यावर घेऊन मागे वळणारी माणसं मला जास्त दिसली.

पण संघ फुटला तो पगारावरून. संघाचं पाच हजारांचं पगारी सैन्य होतं. ३६४ मध्ये ऑलिंपिया आर्केडियाच्या ताब्यात होतं, आणि खेळ चालू असतानाच देवळाच्या आवारात लढाई झाली. मग संघाच्या पुढाऱ्यांनी झ्यूसच्या खजिन्यातून शिपायांचे पगार भागवायला सुरुवात केली. मांटिनेया म्हणालं, देवाच्या पैशाला हात लावायचा नाही, आमचा वाटा आम्ही आमच्या खिशातून देऊ. हळूहळू 'दहा हजार'ही त्याच मताचे झाले. पगार थांबला. पुढचं त्या काळातल्या झेनोफोन या इतिहासकाराने लिहून ठेवलंय: पगाराशिवाय ज्यांना परवडत नव्हतं ते सैन्यातून गळाले, आणि ज्यांना परवडत होतं ते खात्यापित्या घरचे लोक आवर्जून भरती झाले. एका हिशेबाच्या वादाने सैन्य कोणाच्या हातात गेलं बघा! मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा तपशील वाटतो.

३६२ मध्ये मांटिनेयाची मोठी लढाई झाली तेव्हा आर्केडियाचे लोक दोन्ही बाजूंना होते. टेगेया (आर्केडियातलं आणखी एक शहर) आणि मेगालोपोलिस थीब्जकडून, मांटिनेया चक्क स्पार्टाकडून. ज्या स्पार्टाने तेवीस वर्षांपूर्वी त्यांचं शहर मोडलं होतं, त्याच. एपामिनोंडास त्या लढाईत पडला. ज्यांना एकत्र ठेवायला हे सभागृह उभारलं, त्यांनी एकमेकांवर भाले रोखायला दहा वर्षंही लागली नाहीत.

नंतर एका विनोदी कवीने 'मोठं शहर म्हणजे मोठं ओसाड रान' अशी टर उडवली. आज इथे उभं राहून ते खोटं म्हणवत नाही.

गंमत म्हणजे संघराज्याचं सर्वांत मनापासून कौतुक करणारा माणूस याच ओसाडीत जन्मला, इतिहासकार पॉलिबियस. मात्र त्याचा संघ वेगळा, पेलोपोनेसच्या उत्तरेकडच्या अखाइयाचा. इथला हुकूमशहा लिडियाडेस २३५ मध्ये स्वतःहून सत्ता सोडून त्या संघात सामील झाला आणि पुढे त्याच संघाचा सेनापती म्हणून निवडूनही आला. पॉलिबियस लिहितो की साऱ्या पेलोपोनेसमध्ये कायदे एक, वजनंमापं एक, नाणी एक. एकच शहर म्हणायला फक्त भोवतीचा एक तट तेवढा कमी. त्याचे वडील त्या संघाचे सेनापती होते, तेव्हा हे कौतुक थोडं बेतानेच घ्यावं. पण वजनंमापं ही बाब मला पटते. बाजारात शेर सगळीकडे सारखा भरला की भांडायचं एक कारण तरी कमी होतं.

तोही संघ टिकला नाही. रोमने एक हजार माणसं ओलीस नेली, पॉलिबियस त्यांत होता. सतरा वर्षांनी परतले ते तीनशेच्या आसपास. १४६ मध्ये कोरिंथ जळालं आणि तिथल्या चित्रांवर रोमन शिपाई फासे खेळत बसलेले त्याने डोळ्यांनी पाहिले.

उन्हं उतरली तेव्हा भाऊ त्या वक्त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "सभासदहो, पेट्रोलचे पैसे निम्मे निम्मे!" आवाज थिएटरपर्यंत गेला असावा. मी दूरच्या कोपऱ्यातल्या बुंध्यापाशी होते, मला स्पष्ट ऐकू आलं. ऐकू आलं नाही असं दाखवून मी गाडीकडे निघाले.