मैत्रीतला दुसरा प्रश्न

महाविद्यालयात असताना आम्ही मित्रमैत्रिणी एकमेकांना खासगी प्रश्न फारसे विचारत नसू, कारण तशी गरजच पडत नसे. कोणाच्या घरी काहीतरी बिनसले आहे, कोणाचा अभ्यास मागे पडला आहे, कोण कोणाच्या शेजारी बसायचे टाळते आहे, हे सगळे वर्गात पाऊल टाकताच कळत असे. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत केलेला एक अभ्यास १९५० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. कोणाची कोणाशी मैत्री जुळते हे पुष्कळ अंशी दोन घरांच्या दारांमधल्या अंतरावर आणि येण्याजाण्याच्या वाटांवर अवलंबून असते, असे त्यात आढळले. आमच्या मैत्रीही अशाच जुळल्या होत्या. एक बाक, एक जिना, सुटण्याची एकच वेळ, आणि या सगळ्यात एकमेकांचे आयुष्य डोळ्यांसमोर उलगडत असल्यामुळे ते तोंडाने विचारावे लागत नव्हते.

शिक्षण संपते तेव्हा हे दिसणे एकदम थांबते. माणसे तीच राहतात, आपुलकीही तीच राहते, पण जेवढे विचारले जाईल आणि सांगितले जाईल तेवढेच आता कळणार असते. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार या संशोधकांनी शाळा संपवून पुढच्या टप्प्याकडे निघालेल्या तरुणांच्या एका गटाचा १८ महिने मागोवा घेतला. त्या काळात नातेवाइकांशी असलेली जवळीक बरीचशी टिकून राहिली. मैत्रीतली जवळीक मात्र संपर्क कमी झाला तशी उतरत गेली. हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही, पण एक गोष्ट स्पष्ट झाली. महाविद्यालयानंतरची मैत्री आपोआप चालू राहील असे आपण गृहीत धरतो, आणि तिची सगळी भिस्त ज्या एका गोष्टीवर असते, म्हणजे एकमेकांना नीट विचारण्यावर, ती गोष्ट आपल्याला कोणी शिकवलेली नसते.

म्हणून सुरुवातीला आपण सगळेच जे सोपे ते विचारतो. कुठे असतोस, कुठल्या पदावर आहेस, पगार किती, लग्नाचे काय ठरले. या प्रश्नांमागे वाईट हेतू नसतो, पण त्यांची उत्तरे एका शब्दात संपतात आणि शेजारी शेजारी ठेवून त्यांची उतरंड लावता येते. पहिल्या काही वर्षांत तर ही उतरंड फार बोचते, कारण तोपर्यंत एकाच वर्षाला, एकाच परीक्षेला बसणाऱ्या माणसांच्या वाटा अचानक फुटलेल्या असतात. कोणी नोकरीत स्थिरावलेले असते, कोणी अजून परीक्षा देत असते, कोणी घरातल्या आजारपणामुळे सगळे बाजूला ठेवलेले असते. गटात पदांची आणि पगारांची चौकशी सुरू झाली की यांपैकी एकजण हळूहळू बोलायचा थांबतो, मग भेटायला येण्याचे टाळतो, आणि काही महिन्यांनी सगळे म्हणू लागतात की तो बदलला. माझ्या मते तो बदललेला नसतो. ज्या प्रश्नाला त्याच्याकडे सांगण्यासारखे उत्तर आहे असा एकही प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो.

माझ्या एका मैत्रिणीला कोणीही कसे चालले आहे असे विचारले, की ती ‘मजेत’ म्हणत असे, आणि विषय तिथेच संपत असे. एकदा फोनवर बोलताना मी तिला विचारले, की दिवसभराचे काम संपल्यावर तू सगळ्यात आधी कोणाशी बोलतेस? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कोणाशीच नाही. घरी येते, दार लावते, आणि दिवा न लावता खुर्चीवर बसून राहते.” या उत्तरावर पटकन काहीतरी उपाय सुचवण्याचा मोह होतो. एखादा छंद लाव, बाहेर पडत जा, असे शब्द अगदी ओठांवर येतात. मी एवढेच विचारले, “आणि मग उठतेस कशामुळे?” ती हसली आणि म्हणाली, की समोरच्या घरातला मुलगा रोज त्या वेळी मोठ्याने पाढे म्हणतो, त्याचा तेराचा पाढा चुकतो, आणि तो चुकला की आपल्याला उठावेसे वाटते. त्यानंतर आम्ही बराच वेळ बोललो. तिच्या कामात तिला दिवसभर कोणी नावाने हाक मारत नाही, ती ज्या घरात राहते तिथे तिच्या पसंतीची एकही वस्तू नाही, आणि तिला परत शिकायचे आहे पण घरी कसे सांगावे हे कळत नाही, हे सगळे त्या एका संध्याकाळी कळले. तिची नोकरी कोणती आणि कुठे, हे मला आधीपासून माहीत होते. त्या माहितीचा काहीही उपयोग झाला नव्हता.

पहिला प्रश्न कोणालाही सुचू शकतो, आणि कदाचित आधीपासून ठरवूनही ठेवता येतो. दुसरा प्रश्न मात्र समोरच्याचे उत्तर ऐकल्याशिवाय सुचतच नाही, म्हणून मला तो अधिक मोलाचा वाटतो. कॅरन हुआंग, ॲलिसन वुड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अनोळखी माणसांमधली संभाषणे तपासली होती. जास्त प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडतात असे त्यात दिसले, आणि त्यातही आधीच्या उत्तराला धरून विचारलेल्या पुढच्या प्रश्नांचा वाटा मोठा होता. तो अभ्यास अनोळखी लोकांचा होता, पण जुन्या मित्रांना ही गोष्ट कमी लागू पडते असे मला वाटत नाही. उलट, आपण एकमेकांना ओळखतोच या समजुतीमुळे आपण दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचण्याआधीच थांबतो. चार वर्षांपूर्वी ओळखत असलेल्या माणसाच्या वतीने आपण मनातल्या मनात उत्तर देऊन टाकतो, आणि समोर बसलेला आजचा माणूस तसाच राहून जातो.

पैशाबद्दल मात्र माझे मत अनेकांपेक्षा वेगळे आहे. पगार विचारणे असभ्य असते असा एक सरसकट नियम आपण पाळतो, आणि तो मला मित्रांमध्ये निरुपयोगी वाटतो. एइनाव हार्ट, एरिक वॅनएप्स आणि मॉरिस श्वाइट्झर यांच्या २०२१ मधील संशोधनात असे आढळले, की नाजूक प्रश्न विचारल्याने समोरचा दुखावेल ही विचारणाऱ्याची भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी असते. अडचण प्रश्नात क्वचितच असते. तो कशासाठी आणि कोणत्या जागेवर उभे राहून विचारला आहे, यावर सगळे ठरते. माझ्या एका मित्राने नोकरी सोडण्याआधी आमच्यापैकी एकाला फोन केला आणि आधी स्वतःचा पगार, स्वतःचे कर्ज आणि हातात किती महिने पुरतील एवढी शिल्लक आहे, हे सगळे सांगून टाकले. मग विचारले, “माझ्या जागी तू असतास तर सोडली असतीस का? आणि तुला किती मिळतात ते सांगणार असशील तरच सांग.” त्याच अनुभवाच्या, त्याच प्रकारचे काम करणाऱ्या दोघांच्या पगारात बराच फरक आहे हे त्या दिवशी दोघांनाही पहिल्यांदा कळले, आणि ज्याने उत्तर दिले होते त्यानेच पुढच्या आठवड्यात आपल्या वरिष्ठांकडे वाढीची मागणी केली. दोघांपैकी कोणालाही यात मोजमाप झाल्यासारखे वाटले नाही, कारण विचारणाऱ्याने आपले सगळे आधी मांडून ठेवले होते.

ही देवाणघेवाण मला या सगळ्या विषयाचा कणा वाटते. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, ज्यात एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना ३६ प्रश्नांचा संच देऊन पाऊण तास बोलायला बसवले होते. प्रश्न हळूहळू अधिक खासगी होत जात, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोघांनीही द्यायचे असे. ही जोडी नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोडीपेक्षा शेवटी एकमेकांच्या अधिक जवळ आलेली आढळली. या प्रयोगातले प्रश्न पुढे फार प्रसिद्ध झाले, तरी त्यातली प्रत्येकाने उत्तर देण्याची अट मला प्रश्नांपेक्षाही महत्त्वाची वाटते. जो मित्र सगळ्यांना खोलात शिरून विचारतो आणि स्वतःबद्दल काहीच बोलत नाही, त्याच्याशी बोलून उठताना आपली जबानी घेतली गेली असे वाटते, मग त्याची तळमळ कितीही खरी असो.

लग्न, मूल, मोडलेले नाते, आईवडिलांचे आजारपण या विषयांवर काय विचारावे हे मी सरसकट सांगू शकणार नाही. एवढे मात्र मी ठामपणे म्हणेन, की हे प्रश्न दहाजणांसमोर विचारायचे नसतात. गटात विचारलेल्या अशा प्रश्नाला माणूस गटासाठी तयार ठेवलेले उत्तर देतो, आणि एकदा ते उत्तर दिले की पुढे एकट्याने बोलतानाही त्याला ते निभावत बसावे लागते. मूल होण्यासाठी उपचार घेत असलेल्या माझ्या एका मैत्रिणीने हसत हसत “आम्हाला सध्या नकोच आहे” असे सांगितले होते, आणि पुढे दोन वर्षे खरे कोणापाशीही बोलता न येण्याचे ओझे तिने त्या एका वाक्यामुळे वाहिले. तिला शेवटी मोकळे केले ते आमच्यातल्या सगळ्यात अबोल मित्राने. त्याने तिला विचारले होते, “सध्या तुला कोणी काय विचारलेलं नको आहे?” इतका साधा आणि इतका मायेचा प्रश्न मी क्वचित ऐकला आहे. कारण त्यात उत्तर न देण्याची मुभा आधीच दिलेली होती, आणि ज्याला ती मुभा मिळते तो बहुधा बोलतोच.

काही मैत्रींमध्ये एवढा काळ गेलेला असतो, की आता मध्येच काही विचारले तर ते विचित्र दिसेल असे वाटते. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२२ मधील संशोधनात असे दिसले, की आपण कोणाला अनपेक्षितपणे संपर्क केला तर त्याला त्याचे किती अप्रूप वाटेल याचा अंदाज आपण नेहमी कमीच बांधतो. मला यात एवढीच भर घालावीशी वाटते, की इतक्या दिवसांनी बोलताना ‘काय नवीन’ असे विचारू नये. मधल्या सगळ्या वर्षांचा हिशेब एका दमात मागितल्यासारखे ते होते, आणि समोरचा ‘विशेष काही नाही’ म्हणून सुटका करून घेतो. त्याऐवजी त्याच्याबद्दलची एखादी बारीक गोष्ट लक्षात असेल तर तिच्यापासून सुरुवात करावी. तो रात्री जागून नकाशे काढत असे, तर अजून काढतो का हे विचारावे. त्याची धाकटी बहीण त्याच्याशी बोलत नव्हती, तर आता बोलते का हे विचारावे. जुन्या स्वप्नांबद्दल विचारताना मात्र स्वर सांभाळावा लागतो, कारण “तुला तर लेखक व्हायचं होतं ना?” हे वाक्य आरोपासारखे ऐकू येते, आणि “अजून काही लिहावंसं वाटतं का?” या वाक्याला होय आणि नाही ही दोन्ही उत्तरे सन्मानाने देता येतात.

माझ्याकडे असे काही प्रश्न साठलेले आहेत. जिने शेवटच्या वर्षी अचानक विषय बदलला तिला मला विचारायचे आहे, की त्या वेळी तुला नेमके कोणी समजावले, आणि आज ते पटते का. परगावी एकट्याने राहणाऱ्या मित्राला विचारायचे आहे, की आजारी पडलास तर तू पहिला फोन कोणाला करतोस. आणि जो सगळ्यांच्या अडचणींना धावून जातो त्याला, आम्ही कोणीच आजवर न विचारलेले हे, की तुझ्यासाठी कोण धावून येते. त्याने हसून विषय बदलला, तर या वेळी मी तो बदलू देणार नाही.