जोत्याची उंची

जुलै-ऑगस्टात सांगलीत दोन माणसं भेटली की हवापाणी, तब्येत वगैरे नंतर. आधी प्रश्न येतो, "आयर्विनला किती?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं. उत्तर फुटांत. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आकडा ५७ फुटांच्या वर गेला आणि मग विचारायचंच थांबलं, कारण विचारणारे पहिल्या मजल्यावर अडकलेले. कोल्हापूरकरांची पट्टी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची. तिथे इशारा ३९ ला, धोका ४३ ला. आकडे वेगळे, पोटातला गोळा तोच.

गंमत अशी की पूर फुटांत येतो, बांधकामाचा नियम मीटरमध्ये लिहिलेला असतो, सरकारी मदत टक्क्यांत ठरते आणि घर उभं राहतं विटांच्या थरांत. या चार मापांची एकमेकांशी गाठ पडत नाही. पूरग्रस्तांना घर बांधायला सरकारने पैसे द्यावेत की नाही, हा वाद दर पुरानंतर रंगतो. माझ्या मते प्रश्न देण्या-न देण्याचा नाहीच. किती फुटांसाठी द्यायचे, हा आहे.

नियम कागदावर सुटसुटीत आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतल्या एकाची लाल. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवं घर नको. निळी ते लाल यांच्यामध्ये बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. म्हणजे दीड फूट, सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या. घोळ त्या 'पंचवीस वर्षांतून एकदा' या शब्दांत आहे. लोक ते एस.टी.च्या वेळापत्रकासारखं वाचतात. एक गेली, आता पुढची पंचवीस वर्षांनी. खरा अर्थ एवढाच की दर वर्षी शंभरात चार शक्यता, मागच्या वर्षी पूर येऊन गेला असला तरीही. वीस वर्षांचं गृहकर्ज काढलं, तर ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी निळ्या रेषेला लागण्याची शक्यता ५६ टक्के निघते. नाणं उडवण्यापेक्षा वाईट. २०१९ नंतर २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा रेषा चुकली असं पुष्कळांना वाटलं.

आता मदत. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. अर्धवट पडलं तर पडझड किमान १५ टक्के पाहिजे; मग पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. गोठ्याला ३,०००. राज्य सरकार कधी वर भर घालतं. पण १५ टक्के ठरवायचे कोणी आणि कधी? पाणी उतरलं की चार-आठ दिवसांत पंचनामा करायला तलाठी येतात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, हाक अजून तलाठी अशीच). आणि नदीकाठच्या गावठाणातली पांढऱ्या मातीची भिंत नेमकी त्या वेळेला उभी असते.

तिचा स्वभावच तसा. पाण्यात असताना दोन्ही अंगांनी पाण्याचा दाब सारखा, म्हणून ती तरून जाते. पाणी झपाट्याने उतरलं की आधार जातो आणि भिजून दुप्पट जड झाल्यासारखी भिंत स्वतःच्याच ओझ्याने तळातून खचायला लागते. मग ऊन पडतं. बाहेरचा पापुद्रा वाळून आकसतो, आतला गाभा ओलाच, तडे जातात. एका दुपारी, आभाळ स्वच्छ असताना, दोन फुटी भिंत धप्पकन अंगणात बसते. पंचनाम्यात ती 'उभी' म्हणून लागलेली असते.

विटांच्या घराचं दुखणं हळू असतं. नऊ इंची भिंत वाळायला महिन्याला इंचभर या हिशेबाने कित्येक महिने जातात. ऑगस्टात पूर, आणि दिवाळीला रंग तर दिलाच पाहिजे. ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, लोणा (भिंतीतला खार) फुटतो, संक्रांतीपर्यंत रंगाची पापडं हातात येतात. पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंतचा गिलावा खरवडून वीट उघडी ठेवायची, पहिलं वर्ष चुन्याच्या सफेदीवर काढायचं. भिंत श्वास घेते. घर अजून बरं झालेलं नाही हे पाहुण्यांना दिसतं, तेवढंच.

पण हे सगळं पाणी घरात आल्यानंतरचं. ते येऊ नये म्हणून जोतं. वीस बाय पंधराचं, तीनशे चौरस फुटांचं घर धरा. जोतं एक फूट उचलायला तीनशे घनफूट, म्हणजे तीन ब्रास भरणी लागते. मुरूम धुम्मसाखाली (ठोकायच्या जड ठोकळ्याखाली) दबतो, म्हणून सुटा माल पावणेचार ब्रास मागवायचा. चार फुटांना पंधरा ब्रास. तो सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, ठोकून भरायचा. इथेच घाई होते. डंपर एका दमात ओततो, वरून फरशी बसते आणि पहिल्याच पुरात भरणी खाली बसून फरशी पोकळ वाजायला लागते. त्याहून वाईट म्हणजे पायाच्या खोदाईतली काळी माती फुकट मिळते म्हणून तीच आत ढकलणं. काळी माती भिजली की फुगते आणि फरशी मधोमध पोट काढते. गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणणाऱ्यांना हे काय सांगायचं. पण डंपरचं भाडं वाचत असलं की माहीत असलेलंही विसरतं.

जोत्याच्या भिंतीला पाझर-भोकं विसरू नयेत. चार-पाच फुटांवर एकेक पीव्हीसीचा तुकडा, बाहेर किंचित उतार देऊन, आतल्या तोंडाशी खडी. बाहेरचं पाणी उतरलं तरी भरणीतलं कोंडून राहतं आणि भिंत आतून बाहेर ढकलतं. पूर गेल्यावर जोतं फुगून फुटलेलं दिसतं ते बहुधा यामुळे. तीच गत शौचकुपाची. उंबऱ्याला पाणी लागायच्या आत ते शोषखड्ड्यातून उलटं येऊन भांड्यातून वर उसळतं. त्यासाठी वाळूची ओली पिशवी भांड्यात दाबून ठेवतात. उपाय गावठी आहे, चालतो.

चार फुटांच्या पुढे मात्र जोत्याचा नाद सोडावा. भिंत जाड करावी लागते, खर्च वाढतो, शिवाय भरणीने अडवलेली जागा पाण्याची असते. एका घराच्या भरणीने काही होत नाही. शंभर प्लॉटवर भराव पडला की तेवढं पाणी शेजारच्या, भराव न परवडलेल्या घरात शिरतं. सांगलीत पाणी ज्या ओतांत, म्हणजे नदीलगतच्या सखल जागांत, पसरायचं त्यांत भराव टाकून प्लॉट पाडले, आता पाणी रस्त्यांवर पसरतं, आणि आपण खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या उंचीवर बोलत बसतो. तो प्रश्न खोटा नाही. दारातला भराव मात्र दिसत असूनही दिसत नाही.

म्हणून उंच जायचं तर खांबांवर. पाया काळी माती ओलांडून कडक मुरमापर्यंत, जमिनीलगत खांबांना बांधणाऱ्या तुळया, मीटर आणि बोर्ड वरच्या मजल्यावर, वायरिंग छतातून खाली. खालची जागा मोकळी. दोन वर्षांनी तिथे शटर लागतं, गाळा भाड्याने जातो आणि पुढच्या पुरात त्या गाळ्याची नुकसानभरपाई मागितली जाते. ती देऊ नये, एवढं कडक व्हायला माझी हरकत नाही.

पाण्याला वाट मोकळी ठेवण्याचं शहाणपण या खोऱ्यात जुनं आहे. नरसोबाच्या वाडीला कृष्णा चढली की पाणी उत्तरेकडून देवळात शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिण दारातून बाहेर पडतं. त्याला आपत्ती कोणी म्हणत नाही, दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या दारात स्नानाला गर्दी होते. पाणी आणखी चढलं तर उत्सवमूर्ती वर हलवायची. खाली राहतो तो दगड, आणि दगडाचं काही बिघडत नाही. घराला एवढं विरक्त होता येत नाही. घरात कपाट असतं, वह्या-पुस्तकं असतात, आणि मागे गोठा. माणसं पूर चढतानाही बाहेर पडत नाहीत ती बऱ्याचदा म्हशींसाठी. घर चार फूट उचललं आणि गोठा खालीच राहिला, तर माणूस त्या उंच घरातून खाली उतरून गोठ्याशीच थांबणार. ३,००० रुपयांत गोठा उचलला जात नाही.

मग पैसे कशाला द्यायचे? निळ्या रेषेच्या आत, त्याच पातळीवर, तेच घर पुन्हा उभं करायला देऊ नयेत. २००५, २०१९, २०२१ असं एकाच घराला तीनदा थोडंथोडं देण्यापेक्षा एकदाच हलण्यापुरतं पुरेसं द्यावं आणि जुनं घर पाडून घ्यावं, नाहीतर तिथे त्याहून गरीब भाडेकरू येतो. यावर कोणी म्हणेल, नदीकाठी राहायला सांगितलं होतं कोणी? गावठाण आधीचं आहे, रेषा नंतर आखली. हा प्रश्न ओतात प्लॉट पाडणाऱ्याला विचारावा. निळी ते लाल यांच्यामध्ये मात्र पैसा पडझडीच्या टक्क्यावर नको, उंचीच्या फुटावर हवा. हे अगदीच नवं नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्याची चर्चा फार झाली. पण त्याच कार्यक्रमात इतर गावांमधल्या उभ्या घरांच्या मजबुतीलाही मदत होती. माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) वर्षानुवर्षं चढलेली माती उतरवा, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा, दारा-खिडक्यांवरून काँक्रीटचा पट्टा फिरवा. काय पडलं यापेक्षा पुढच्या वेळी काय पडणार नाही, याचा तो खर्च.

घरकुलाचा हप्ता आजही जोत्याचा फोटो पाहून सुटतो. त्या फोटोत जोत्याशेजारी फुटांच्या खुणा रंगवलेली एक काठी उभी केली आणि लाल रेषेची पातळी त्या काठीवर दाखवली, तर निम्मं काम झालं.

पण ती पातळी अंगणात आणायची कशी? नकाशातून गवंड्याला काही कळत नाही. त्याच्याकडे लेव्हलची नळी असते, बोटभर जाडीची पारदर्शक, पाण्याने भरलेली. एक टोक देवळाच्या भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेला लावायचं, दुसरं गल्लीत पुढे न्यायचं. नळीत बुडबुडा नको, मध्ये पीळ नको, टोकावरचा अंगठा दोघांनीही काढलेला हवा, नाहीतर माप चार बोटं चुकतं. नळी पुरली नाही तर मधल्या खांबावर खूण करून पुन्हा पुढे. दोन्ही टोकांचं पाणी जरा हलतं, मग थांबतं. पलीकडून आवाज येतो, "बसलं का?" इकडचा म्हणतो, "बसलं," आणि कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारतो. ती बहुतेक वेळा खिडकीच्याही वर येते.