समोर दिसतोय की, मग आत कॅमेरा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या वाड्याच्या चौकात माझा रिमोटवरचा छोटा टायगर रणगाडा फिरत असला आणि कुणी पाहुणा दिंडीतून आत आला, की पहिला प्रश्न हाच असतो. रिमोट हातात आहे, रणगाडा डोळ्यांसमोर आहे, मग त्यात कॅमेरा बसवून, त्याचं चित्र दाखवणाऱ्या चष्म्यात तोंड खुपसून का चालवायचा? चहा होईपर्यंत मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देते. खरं उत्तर जरा लांब आहे.

माझा टायगर एकास सोळा मापाचा. खरा टायगर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा, ३ मीटर उंच आणि ५७ टनांचा होता, माझा जेमतेम १९ सेंटिमीटर उंच. उभं राहून पाहिलं की तो खेळणं दिसतो, कितीही सुबक रंगवला तरी. पण कमांडरच्या झाकणाशी कॅमेरा ठेवला की आपला डोळा जमिनीपासून वीतभरसुद्धा उंच राहत नाही, आणि वाडा सोळापट होतो. आमचा २० फुटांचा चौक ३२० फुटांचं मैदान होतो. ओटीची सहा इंचांची पायरी आठ फुटांचा तट होते. फरशीच्या फटीतलं गवत मांडीएवढं वाढलेलं दिसतं. पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे खायला खार येते ना, ती म्हशीएवढी असते, आणि ती वळून आपल्याकडे बघते तेव्हा छातीत धस्स होतं. लग्न होऊन या वाड्यात आले त्याला २२ वर्षं झाली, पण ओटीखालची कोनाड्यांची ओळ मी पहिल्यांदा नीट पाहिली ती रणगाड्यातून.

ग्वाल्हेरात खरं तर हे वेड कुणाला समजावून सांगावं लागू नये. शिंद्यांच्या जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी आहे. पेयाचं भांडं उचललं की ती थांबते, परत ठेवलं की पुढच्या पाहुण्याकडे निघते. माधवराव महाराजांच्या छोट्या गाड्यांच्या हौसेला पुढे दोन फुटी रूळ मिळाले आणि ती नॅरोगेज श्योपूरपर्यंत गेली. आम्ही राहतो तो लष्कर भाग म्हणजे तर दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळच. इथे रणगाडा परका नाही.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे सुरुवात सोपी वाटली होती. पहिल्यांदा मोबाईलवर चित्र दाखवणारा वायफाय कॅमेरा लावला. चित्र छान, पण पाव सेकंद उशिरा येणारं. पाव सेकंद म्हणजे काय ते ओटीच्या कडेला कळलं. रणगाडा सेकंदाला ४० सेंटिमीटर जात असेल तर पाव सेकंदात तो १० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. मला कड दिसली तेव्हा पुढची चाकं हवेत होती. तोफेची नळी मोडली, ती मी दोन रात्री बसून जोडली. म्हणून आजही कुणी विचारलं तर सांगते, चालवण्यासाठी ड्रोनवाल्यांचा साधा ॲनालॉग कॅमेराच घ्या. चित्र जरा खरखरीत येतं, पण लागलीच येतं, आणि सिग्नल कमी झाला तर एकदम गोठत नाही. आधी पडद्यावर मुंग्या येतात, म्हणजे थांबायला वेळ मिळतो.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणून चित्र ५.८ वर पाठवायचं, दोघांची टक्कर नको. आपल्याकडे ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टा २०१८ साली ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त झाला. चौकापुरत्या अंतराला २५ मिलिवॉट पुरतात, जास्तीचा मोह धरू नये. चित्र पाठवणारा ट्रान्समीटर अँटेना लावल्याशिवाय कधी चालू करायचा नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. शक्ती बाहेर पडायला वाट नसली की ती परत उलटते आणि आतला भाग जाळते. माझा पहिला ट्रान्समीटर असाच गेला. टेबलावर नुसता दिवा लागतो का ते बघत होते.

त्यानंतरचं दुखणं सगळ्यांत चिवट निघालं. सरळ जाताना चित्र स्वच्छ, पण जागच्या जागी वळताना पडद्यावर आडव्या रेघा, आणि कधीकधी चित्र पूर्ण बंद होऊन परत यायचं. रणगाड्याला दोन मोटरी असतात, चाकांवरच्या एकेका पट्ट्याला एक. जागी वळताना एक पुढे, एक मागे, आणि दोन्ही पट्टे फरशीला घासत असतात. त्या क्षणी मोटरी इतका करंट ओढतात की ७.४ व्होल्टच्या बॅटरीचा दाब खाली बसतो आणि कॅमेरा उपाशी राहतो. त्यात मोटरच्या ब्रशांच्या ठिणग्यांचा गोंगाट तारांतून चित्रात शिरतो. मी प्रत्येक मोटरला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर लावले, एक दोन टोकांमध्ये आणि एकेक दोन्ही टोकांपासून मोटरच्या पत्र्याला. तारांना पीळ घातला. निम्म्या रेघा गेल्या. उरलेल्या गेल्या त्या कॅमेऱ्याला स्वतःचा छोटा ३.७ व्होल्टचा सेल दिल्यावर. कॅमेरा, ट्रान्समीटर आणि अँटेना एकाच तुकड्यात असलेला पाचएक ग्रॅमचा प्रकार मिळतो, तो अशा एका सेलवर चालतो. सेलही कॅमेऱ्याशेजारी बुरजातच, म्हणजे रणगाड्याच्या वरच्या फिरत्या भागातच ठेवला, त्यामुळे बुरूज फिरताना तारा पिळवटण्याचा प्रश्न उरलाच नाही. हे आधी सुचलं असतं तर चार महिने वाचले असते.

वाड्याच्या दगडी भिंती हा आणखी एक विषय. ५.८ गिगाहर्ट्झची लहर पाच सेंटिमीटरची, हातभर जाडीच्या दगडातून ती पार होत नाही, उलट भिंतींवरून परतून मूळ लहरीत मिसळते आणि चित्र फाटतं. वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या, म्हणजे लहर स्क्रूसारखी पीळ घेत सोडणाऱ्या अँटेनाने यावर बराच उतारा पडतो, कारण परावर्तन झालं की लहरीचा पीळ उलटा होतो आणि उजव्या पिळाची अँटेना डावा पीळ फारसा घेत नाही. दहावीच्या मुलांना मी हे चष्मा लावून दाखवलं. फळ्यावर काढून इतकं कधी पोचलं नव्हतं. मे महिन्यात मात्र दुपारी हा उद्योग बंद. हे ट्रान्समीटर ड्रोनच्या पंख्यांच्या वाऱ्यात थंड राहतील या हिशोबाने बनतात. बंद बुरजात, ग्वाल्हेरच्या ४५ अंशांत, त्यांचा जीव जातो.

एवढं सगळं झाल्यावरही मी सारखी भिंतीवर आदळत होते. चित्र स्वच्छ, बॅटरी भरलेली, तरी आदळत होते.

शेजारचे काका आर्मर्ड कोअरमधून निवृत्त झालेले, टी-५५ चे ड्रायव्हर. रोज संध्याकाळी ओटीवर बसून माझी धडपड बघायचे. एकदा चष्मा मागितला, मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, तू कमांडरच्या जागी बसून ड्रायव्हरचं काम करते आहेस. बुरूज डावीकडे वळवलास, म्हणजे तुझं तोंड डावीकडे. गाडीचं नाही."

दुखणं तेच होतं. बुरजातून पाहताना खालची गाडी कुठे तोंड करून आहे हे कळायला काही मार्गच नव्हता. मग काका खऱ्या गाडीतलं सांगू लागले. ड्रायव्हर पुढे डावीकडे, खाली, एकटा. झाकण बंद झालं की दोन पेरिस्कोपांतून जेवढं दिसेल तेवढं जग. मागचं नाही, बाजूचं नाही, दहा पावलांवरचा खड्डा नाही. कानात कमांडरचा आवाज, तेच त्याचे बाकीचे डोळे. "आपण गाडी बघून नाही चालवत," ते म्हणाले, "विश्वासावर चालवतो."

टायगरचा ड्रायव्हरही पुढे डावीकडेच बसायचा. काकांनी बरोबर त्याच्या बघायच्या झरोक्यावर बोट ठेवलं आणि मी तिथे भोक पाडलं. रंगवलेल्या पत्र्याला ड्रिल लावताना हात थरथरत होता. तिथे दुसरा तसाच कॅमेरा, दुसरा सेल. लेन्स मुद्दाम कमी रुंदीचं दृश्य दाखवणारी, २.८ मिलिमीटर नाभीय अंतराची. रुंद लेन्समधून सगळं लांब पळतं आणि गाडी उंदरासारखी चपळ वाटते, अरुंदातून तिला वजन येतं. पुढच्या मडगार्डची कड चित्रात खाली राहील असा कोन ठेवला, म्हणजे गाडीचं तोंड कधी हरवत नाही. बुरजातला कॅमेरा ५७६९ मेगाहर्ट्झवर, ड्रायव्हरचा ५८४३ वर. चष्म्यावरचं बटण दाबलं की आपण एका खुर्चीतून दुसरीत. घरच्या राउटरला ५ गिगाहर्ट्झमधल्या खालच्या चॅनेलवर ढकललं, कारण तो १४९ क्रमांकाच्या चॅनेलवर बसून ५७६९ मध्ये लुडबुड करत होता.

आता आम्ही दोघं चालवतो. काकांच्या डोळ्यांवर ड्रायव्हरचा चष्मा आणि हातात पट्ट्यांचा रिमोट. बुरजाचं चित्र माझ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर. मी बोलते, ते वळतात. माझा मुलगा चौकात उभा असतो, कारण चष्मा घातलेल्या माणसाला स्वतःचे पायही दिसत नाहीत आणि आमच्याकडे विहीर आहे.

मागच्या आठवड्यात काकांनी काळा पुठ्ठा मागितला. चष्म्यातल्या पडद्याच्या मापाने कापला आणि त्यात दोन आडव्या फटी पाडल्या, काडेपेटीच्या कडेएवढ्या. आत बसवून चालवायला घेतलं. तुळशीवृंदावनाला एक पूर्ण फेरा झाला, कुठेही घासलं नाही. मी बाजूने फक्त "डावीकडे, अजून, बस" एवढंच म्हणत होते. फेरा संपला तरी चष्मा काढला नाही त्यांनी.

"हां," म्हणाले, "आता झाकण उघडून डोकं बाहेर काढावंसं वाटतंय."